‘गंडम विंग’मधली रिलीना: तिला भाबडी म्हणणं मला पटत नाही

सांजपक्षी

(मालिका पाहिली नसेल तर पुढे वाचू नका, रसभंग होईल. शेवटापर्यंतचं सगळं यात आलंय.)

आवडत्या ॲनिमेच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, “गंडम विंग भारी आहे, फक्त ती रिलीना डोक्यात जाते.” खाली सात-आठ जणांनी “अगदी अगदी” केलं. तिथेच उत्तर देणार होते, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही ती आवडली नव्हती, हे आधीच सांगते. कॉलेजात होते. पाच देखणी पोरं, पाच गंडम (आत बसून चालवायचे लढाऊ यंत्रमानव), आणि मधे ही गुलाबी मोटारीतून फिरणारी पंधरा वर्षांची मुलगी, समुद्राकडे बघून “हीरो!” (त्या पाचांतल्या एकाचं नावच हीरो) अशी हाक मारणारी. तेव्हा भाग पुढे ढकलत पाहायचे. यंदा उन्हाळ्यात एकोणपन्नासच्या एकोणपन्नास भाग सलग पाहिले. एकही ढकलला नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका १९९५ ची, सनराइज स्टुडिओची. काळ वसाहत संवत्सर १९५. माणसं अंतराळातल्या वसाहतींमध्ये राहतात आणि पृथ्वीवरचं संयुक्त सैन्य त्यांना दाबून ठेवतं. वसाहतींकडून पाच मुलं पाच यंत्रं घेऊन पृथ्वीवर उतरतात. रिलीना ही उपपरराष्ट्रमंत्री डार्लियन यांची मुलगी. म्हणजे तसा तिचा समज असतो. प्रत्यक्षात ती सँक राज्याची राजकन्या. शस्त्रं टाकून दिलेलं, संपूर्ण शांततावाद मानणारं हे राज्य तेरा वर्षांपूर्वी सैन्याने बेचिराख केलेलं असतं. रिलीना तेव्हा तान्ही होती. मोठा भाऊ मिलियार्डो वाचला. पुढे नाव बदलून, तोंडावर मुखवटा चढवून, ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच फौजेत तो झेक्स नावाचा नामांकित वैमानिक झाला.

आता मुद्दा. शांततेवर भाषणं देणारी गोड मुलगी, तिला जगाचा अनुभव नाही, असं लोक म्हणतात. पण ती शांततावादी म्हणून सुरू होतच नाही! तिचे वडील वसाहतीतल्या वाटाघाटींना जातात. तिथे लेडी उने नावाची अधिकारी पावडरच्या डबीत लपवलेला बॉम्ब ठेवून निघून जाते, आणि ते रिलीनाच्या डोळ्यांसमोर जातात. आपण त्यांची मुलगी नाही हेही तिला त्याच धक्क्यात कळतं. यानंतर ती काय करते? तत्त्वज्ञान सांगत नाही. पिस्तूल मिळवते आणि भर मेजवानीत लेडी उनेवर रोखते. हेतू तडीस जात नाही. मला तो प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सूड म्हणजे काय हे ज्या मुलीने हातात धरून पाहिलंय, तिने नंतर शस्त्र नको म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली.

दुसरं म्हणजे तिची पदं बघा. आधी राजकन्या. मग सँक पुन्हा उभं राहतं तेव्हा तिथली प्रमुख. मग ते राज्यही पडतं आणि रोमफेलर नावाची सरदार मंडळींची संस्था तिला चक्क जगाची राणी करते. चौदा-पंधरा वर्षांच्या प्रेक्षकांसाठी बनवलेल्या मालिकेत इथून पुढे काय व्हायला हवं? राणीने राज्य करावं. पण शेवटच्या भागात ती कोण आहे? उपपरराष्ट्रमंत्री रिलीना डार्लियन. पीसक्राफ्ट हे राजघराण्याचं नाव बाजूला ठेवून तिने वाढवणाऱ्या बापाचं नाव घेतलं आणि त्याच्याच खुर्चीत बसली. वाटाघाटीला जाता जाता जो मारला गेला, त्याचं अर्धं राहिलेलं काम. फायली, विमानं, बैठका. एका राजकन्येने मुकुट नको, टेबल-खुर्ची द्या म्हटल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तुम्हाला काय वाटतं? पटत नसेल तर जरूर लिहा. गोड बोलायला धागा काढलेला नाही.

खडूफळा

सांजपक्षीताई, मनापासून लिहिलंय, आवडलं. पण सँक राज्याच्या भागांवरून तुम्ही फार लवकर पुढे गेलात आणि माझं अडतं तिथेच.

सँकमध्ये ती शाळा चालवते. बड्या घरांतली मुलं तिथे शांततावाद शिकायला येतात. आणि सीमेवर? तिथे झेक्सची जुनी सहकारी नोइन गुपचूप मोबाइल सूट, म्हणजे लढाऊ यंत्रं, जमवते. हीरो आणि क्वात्र हे पाचांतले दोघे येतात तेही लढतातच. वर्गात फळ्यावर निःशस्त्रता आणि शाळेच्या भिंतीबाहेर कुणीतरी रक्त सांडतंय म्हणून तो वर्ग चालू. मी शिक्षक आहे, बावीस वर्षं शिकवतोय. असा वर्ग मी घेतला असता तर मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकलो नसतो. ती भाबडी नाही हे मान्य, पण मग जाणूनबुजून डोळेझाक करते, आणि ते मला जास्त वाईट वाटतं.

सांजपक्षी

सर, डोळेझाक करते असं नाही म्हणता येणार. तिला ते कळतं तेव्हा ती गप्प होते, आणि ती शांतता मालिकेने लांबवली आहे. नोइनला ती थांबवत नाही हे खरं. पण राज्य पडायची वेळ येते तेव्हा काय होतं? हीरो लढायला तयार आहे, क्वात्र तयार आहे, अजून काही तास काढता आले असते. ती समोरच्या सैन्याला कळवते की सँक राज्य मी बरखास्त करते आहे. आणखी माणसं मरू नयेत म्हणून स्वतःचं राज्य स्वतः मोडते. तुम्ही म्हणता तो खोटेपणा तिला झेपला नाही, म्हणूनच ना?

तांबडाजोगी

खडूफळा सरांचा प्रश्न रिलीनाला विचारण्याआधी जपानला विचारायला हवा. जपानी राजकारण हा माझा वाचनाचा विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

३ मे १९४७ पासून लागू झालेल्या जपानच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात युद्धाचा हक्क कायमचा सोडलेला आहे आणि भूदल, नौदल, हवाई दल ठेवणार नाही असंही म्हटलंय. अगदी सँक राज्य. पण १९५४ मध्ये स्वसंरक्षण दलं उभी राहिली. ती आजही आहेत आणि चांगली सुसज्ज आहेत. शिवाय १९५१ चा अमेरिकेशी केलेला सुरक्षा करार, १९६० मध्ये नव्याने केलेला. म्हणजे घटनेत निःशस्त्रता आणि कुंपणाबाहेर दुसऱ्याचे तळ. सरांनी वर्णन केलेला वर्ग तो हाच. नोइन म्हणजे कोण हे मी सांगायला नको.

आता मालिकेचं साल बघा. १९९१ च्या आखाती युद्धात जपानने सैनिक पाठवले नाहीत, १३ अब्ज डॉलर दिले, आणि तरीही जगाने नाकं मुरडली. पैसे देता, माणसं नाही देत म्हणून. ते जपानी लोकांच्या फार जिव्हारी लागलं. १९९२ मध्ये शांतिसेनेचा कायदा झाला आणि दलांची तुकडी पहिल्यांदा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी परदेशात, कंबोडियाला गेली. त्याहून मोठी गोष्ट १९९४ मध्ये घडली. जपानचा समाजवादी पक्ष कित्येक दशकं ‘निःशस्त्र तटस्थता’ हे धोरण घेऊन निवडणुका लढवत होता. त्या पक्षाचे मुरायामा पंतप्रधान झाले आणि सत्तेवर येताच त्यांनी संसदेत सांगितलं की स्वसंरक्षण दलं घटनेला धरून आहेत. सत्तेवर आल्याची किंमत म्हणून पक्षाला आपलं सँक राज्य स्वतः बरखास्त करावं लागलं!

मालिका सुरू झाली ७ एप्रिल १९९५ ला. जानेवारीत कोबेचा भूकंप झाला होता, २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला. ऑगस्टमध्ये युद्ध संपल्याला ५० वर्षं पूर्ण झाली आणि मुरायामांनी जपानच्या आक्रमणाबद्दल जाहीर माफी मागितली. त्या वर्षी, दर शुक्रवारी संध्याकाळी, शाळेतून आलेली पोरं टीव्हीसमोर बसून एका मुलीला “शस्त्रं टाकली तर आपण जगू का?” हा प्रश्न विचारताना बघत होती. लेखकांनी हे ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण प्रश्न हवेत होता आणि तो या मुलीच्या तोंडी आला.

मावळतीकडे

तांबडाजोगी, कंबोडियाचा उल्लेख वाचून थबकलो. माझे बाबा फौजेत होते आणि १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या त्याच मोहिमेत भारतीय तुकडीबरोबर कंबोडियात होते. आम्ही तेव्हा सातारा जिल्ह्यात आजोळी राहायचो. त्यांची पत्रं यायची, पातळ निळ्या कागदावर. आईने अजून डब्यात ठेवली आहेत.

जपानी सैनिकांबद्दल बाबा नंतर सांगायचे. ते लोक रस्ते आणि पूल दुरुस्त करायला आले होते, आणि बंदूक कधी चालवायची याचे नियम त्यांच्यावर इतके कडक होते की इतर देशांच्या सैनिकांना नवल वाटायचं. स्वतःचा जीव धोक्यात असेल तरच. बाबांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही त्यांना हसायचा का? बाबा म्हणाले, “हसायचं काय त्यात? बंदूक न चालवता ड्यूटी करणं सगळ्यात अवघड असतं. बोट चापावर असतं आणि चालवायचं नसतं.”

मी गंडम विंग पाहिलेली नाही. लेख वाचून आता पाहणार.

सांजपक्षी

मावळतीकडे, तुमच्या बाबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पाहून झाल्यावर इथे नक्की लिहा.

निमपान

रिलीनाबद्दल बोलताय आणि डोरोथीचं नाव नाही?

डोरोथी कॅटेलोनिया, रोमफेलरच्या प्रमुख ड्यूक डरमेलची नात. सँकच्या शाळेत शिकायला येते आणि येताच सांगते की मला युद्ध आवडतं. तिचा बापही युद्धातच गेलेला. दोघींची वयं सारखी, दोघी बड्या घरच्या, दोघींचे वडील मारलेले. एकीने त्यातून ‘युद्ध नको’ काढलं, दुसरीने ‘युद्धच सुंदर’. कारण युद्ध सुंदर नसेल तर बाप उगाच मेला असं होईल, आणि ते तिला सोसत नाही.

आणि डोरोथी रिलीनाला कधी तुच्छ लेखत नाही! सतत डिवचते, कोंडीत पकडते, पण तिच्याकडे बघताना तिच्या नजरेत आदर असतो. सरांचा प्रश्न मालिकेत खरं म्हणजे डोरोथीच विचारते, तोही सँकमध्ये, रिलीनाच्या तोंडावर. लेखकांना रिलीना नुसती बरोबर दाखवायची असती तर एवढी हुशार विरोधक तिच्या शेजारी बसवली नसती.

हिरवाचुडा

मला तुलना करावीशी वाटते ती ‘गंडम सीड’मधल्या (२००२) ऑर्ब देशाशी. ऑर्बही तटस्थ, पण शस्त्रसज्ज तटस्थ. त्यांचं धोरण असं: आम्ही कुणावर चढाई करणार नाही, आमच्यावर करू देणार नाही, दुसऱ्यांच्या भांडणात पडणार नाही. तिथली कागाली म्हणजे तशी राजकन्याच, पण ती स्वतः यंत्रात बसून लढते. आणि गंमत बघा, एवढी शस्त्रं असून ऑर्बही पडतंच. सँकही पडलं, ऑर्बही पडलं.

खऱ्या जगातही दोन्ही तऱ्हा आहेत. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केलं आणि १९४९ च्या घटनेत ते कायम केलं. ७५ वर्षं होऊन गेली, देश जागेवर आहे. पण १९४७ चा अमेरिका खंडातल्या देशांचा परस्पर संरक्षणाचा करारही त्यांच्या पाठीशी आहे. आइसलँडलाही स्वतःचं लष्कर नाही, आणि १९४९ पासून ते नाटोत आहेत, अगदी संस्थापक म्हणून. उलट १९१४ मध्ये बेल्जियमची तटस्थता मोठ्या देशांनी सह्या करून मान्य केलेली होती, तरी जर्मन फौजा घुसल्याच.

म्हणून निःशस्त्र देश टिकतो की नाही याचं उत्तर त्या देशात नसतं, शेजाऱ्यांत असतं, असं माझं मत झालंय. रिलीनाला हे राणी झाल्यावर कळतं. एकट्या सँकने शस्त्रं टाकून उपयोग नाही, सगळ्यांनी टाकायला हवीत. म्हणून ती रोमफेलरचा मुकुट घेते.

दगडीचाळण

आता माझी तक्रार, आणि ती मी गंभीरपणे मांडतोय.

रिलीना काय बोलते यावर सगळे बोलताहेत. लोक तिचं ऐकतात का, याकडे बघा. ती पीसक्राफ्ट घराण्यातली आहे म्हणून ऐकतात! रोमफेलरची सरदार मंडळी तिला बाहुली म्हणून बसवतात, ती एक भाषण करते आणि सभागृह तिच्या बाजूला वळतं. हेच भाषण एखाद्या वसाहतीतल्या कामगाराच्या मुलीने केलं असतं तर? दारातून आत तरी घेतलं असतं का? शांततेसारखी गोष्ट रक्ताच्या वारशाने मिळावी, तेही ‘राणी’ या पदाने, हे मला खटकतं. ज्या व्यवस्थेने वसाहती चिरडल्या, तिच्याच सिंहासनावर बसून ती समतेचं बोलते. रोमफेलरच्या फौजेचा आधीचा सेनापती ट्रीझ परत येतो आणि एका दिवसात तिला बाजूला करतो, कारण पाया लोकांचा नव्हताच.

सांजपक्षी

दगडीचाळण, या धाग्यातला सगळ्यात चांगला आक्षेप तुमचा. दोन दिवस विचार करत होते म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुमचं बरोबर आहे. राणीचे भाग मालिकेतले सगळ्यात कच्चे आहेत. एका भाषणात मनं बदलतात ते मलाही पटलं नाही, आणि घाईत उरकलंय असं वाटतं. पण बघा, तुम्ही म्हणता ते मालिकेलाही कळलेलं आहे. दिलेला मुकुट एका दिवसात काढून घेतात. त्यानंतर तिच्याकडे काही उरत नाही. ना राज्य, ना फौज, ना पद. आणि बरोबर त्याच वेळी सख्खा भाऊ मिलियार्डो वसाहतींच्या व्हाइट फँग या बंडखोर गटाचा नेता होऊन पृथ्वीवर युद्ध पुकारतो. तेव्हा ती एकटी लिब्रा या युद्धनौकेवर त्याला भेटायला जाते. बहीण म्हणून. तो ऐकत नाही. तिचं सगळ्यात मोठं, सगळ्यात खरं बोलणं फुकट जातं.

त्यानंतरच ती डार्लियन होते. तुम्हाला जो रक्ताचा वारसा खटकतो तो तिलाही खटकला असावा असं मी मानते. नाहीतर नाव टाकण्याचं काय कारण? पीसक्राफ्ट म्हणून तिला कुठेही प्रवेश होता. डार्लियन म्हणून ती एका खात्यातली दुसऱ्या क्रमांकाची व्यक्ती आहे.

दगडीचाळण

नाव टाकण्याकडे मी असं पाहिलं नव्हतं. राणीचे भाग कच्चे आहेत हे तुम्ही मान्य केलंत, माझं निम्मं समाधान झालं. उरलेलं निम्मं राहू दे, तक्रार सोडत नाही.

गोधडीवाली

थोडं अवांतर, पण कुणाला माहीत नसेल तर: जपानी आवृत्तीत रिलीनाचा आवाज अकिको याजिमा यांचा आहे. शिनचॅनचा मूळ आवाजही त्यांचाच, १९९२ पासून २०१८ पर्यंत! म्हणजे ज्या काळात त्या सँकच्या राणीची भाषणं करत होत्या, त्याच काळात पाच वर्षांच्या शिनचॅनचंही बोलत होत्या. हे कळल्यावर मी लिब्रावरचा प्रसंग पुन्हा लावला आणि डोळे मिटून ऐकला. भावाला समजावताना त्यांचा आवाज कुठेही चढत नाही. वाक्याच्या शेवटी श्वास थोडा कमी पडतो, तेवढंच. केवढं काम आहे ते.

पत्र्याचीपेटी

मी मॉडेल जोडणारा माणूस. कपाटात हीरोचं गंडम विंग झीरो उभं आहे, काटोकी हाजिमेंनी ‘एंडलेस वॉल्ट्झ’साठी (मालिकेनंतरची पुढची कथा) नव्याने आखलेलं, पांढऱ्या पंखांचं. बरेच महिने खपून रंगवलं. त्या ‘एंडलेस वॉल्ट्झ’च्या शेवटी ती मुलं आपली गंडम स्वतः उडवून देतात, आता गरज नाही म्हणून. आणि मी त्याचंच मॉडेल जपून ठेवलंय.

हा विरोध मला बोचतो. शस्त्र नको सांगणारी मालिका शस्त्राची खेळणी विकून चालते, त्याच पैशातून पुढची मालिका निघते. उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या कपाटात एकही रिलीना नाही, हे हा धागा वाचताना लक्षात आलं. पाचही यंत्रं आहेत. ती नाही.

अंगणतुळस

इतके दिवस नुसती वाचत होते. लेडी उनेबद्दल कुणी पुढे लिहिलं नाही म्हणून लिहिते.

‘एंडलेस वॉल्ट्झ’ (१९९७) मध्ये लेडी उने प्रिव्हेंटर या संस्थेची प्रमुख आहे. पुन्हा युद्ध भडकू नये म्हणून लक्ष ठेवणारी ही संस्था. म्हणजे जिने रिलीनाच्या वडिलांना बॉम्बने उडवलं, तीच बाई आता रिलीनाच्याच बाजूने शांतता राखते. दोघी एकाच व्यवस्थेत काम करतात. मालिका यावर एक शब्द बोलत नाही. माफीचा प्रसंग नाही, रडारड नाही.

मला हे फार आतवर लागतं, त्याला कारण आहे. आमच्या घरात जमिनीवरून मोठं भांडण झालं. आजोबांना त्याच भांडणात मारहाण झाली आणि ते पुढे फार दिवस जगले नाहीत. ज्यांनी मारलं ते नात्यातलेच. वीस वर्षं बोलणं बंद. मागच्या वर्षी पाटाच्या पाण्याचा प्रश्न आला. दोन्ही घरांची शेतं एकाच चारीवर. माझी आई उठून त्यांच्या ओसरीवर गेली. माफ केलं असं ती अजूनही म्हणत नाही. विचारलं तर म्हणते, “पाणी दोघांनाही लागतं.” आता महिन्यातून एकदा पाळीपाळीने कोणाला कधी पाणी ते बसून ठरवतात. चहा होतो. आई तो चहा पिते का हे मी एकदा मुद्दाम पाहिलं. पिते, पण अर्धा कप ठेवते.

रिलीना आणि लेडी उने एका टेबलावर बसत असतील तेव्हा असंच काहीसं होत असेल, असं मला वाटतं.

खडूफळा

अंगणतुळस, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

आणि सांजपक्षीताई, माझा प्रश्न थोडा बदलला. सँकच्या वर्गाबद्दलचं मत तेच आहे, तो वर्ग मी घेतला नसता. पण ‘एंडलेस वॉल्ट्झ’मध्ये ती सात वर्षांची मारिमाया युद्ध करायला निघते. इतिहास म्हणजे युद्ध, शांतता, क्रांती यांचं न संपणारं वॉल्ट्झ नृत्य, असं पढवून ठेवलेलं ते पोर. तिला रिलीना थोबाडीत मारते. शांततावादी बाई, आणि थोबाडीत! शिक्षक म्हणून मी त्याचं समर्थन करणार नाही. पण तेव्हा ती एका हुकूमशहाला मारत नाही, मोठ्यांनी पढवलेल्या एका लेकराला भानावर आणते आहे, हे मला कळलं. आणि बाहेर रस्त्यावर ब्रुसेल्सचे साधे लोक हातात काही न घेता जमलेले असतात. सँकमध्ये भिंतीबाहेर नोइन होती. इथे भिंतीबाहेर लोक आहेत. माझ्या वर्गाबद्दलच्या तक्रारीचं उत्तर कुठे असलंच तर इथे आहे.

मावळतीकडे

एकोणपन्नास भाग झाले. तीन आठवडे लागले. शेवटचे दहा बाबांबरोबर पाहिले, ते जपानी वाचू-ऐकू शकत नाहीत म्हणून मी थांबवून थांबवून सांगत होतो. भाऊ लिब्रावर तिचं ऐकत नाही तिथे बाबा उठून पाणी प्यायला गेले आणि बऱ्याच वेळाने आले. मग म्हणाले, “लाव पुढचं.” एवढंच.

सांजपक्षी

धागा वर काढतेय, कारण परवा शेवटचा भाग माझ्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला. ती अकरा वर्षांची आहे.

पहिल्या भागात रिलीना हीरोला वाढदिवसाचं आमंत्रण देते, आठवतंय? सगळ्यांसमोर. तो पाकीट तसंच फाडतो, तिच्या गालावरचं पाणी बोटाने पुसतो आणि कानाशी म्हणतो, “मी तुला मारणार आहे.” तुकडे खाली पडतात. शेवटच्या भागात वर्षभराने ती उपपरराष्ट्रमंत्री म्हणून विमानात बसते, तर तिच्या जागेवर एक टेडी अस्वल आणि वाढदिवसाचं पत्र. हीरोने ठेवलेलं, समोर न येता. ती वाचते. आणि फाडून टाकते. हातात आणून द्यायचं होतंस, म्हणते.

भाची म्हणाली, “मावशी, तिने का फाडलं? त्याने तर चांगलं लिहिलं होतं ना?”

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

ती जरा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, “आता तो तिला मारणार नाही हे तिला माहितीये. म्हणून.”

मग तिने पहिला भाग लावायला सांगितला. रात्रीचे साडेदहा झाले होते, दुसऱ्या दिवशी शाळा होती. लावला.